डीटीपीच्या दुकानात डुप्लिकाटी

डुप्लिकाटी हे बॅकअपचं, म्हणजे फायलींच्या राखीव प्रती काढायचं सॉफ्टवेअर. पण सांगलीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करायचं, दुकान चालवणाऱ्या बाईच्या कॉम्प्युटरात काय काय असतं, ते आधी सांगते. बॅकअप सॉफ्टवेअरची परीक्षणं वाचायला घेतली तर बहुतेक 'फोटो आणि डॉक्युमेंट्स' एवढ्यावर उरकलेली असतात. माझ्या मशीनवर आहेत पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, हळद-बेदाण्याच्या पिशव्यांची डिझाइनं, शाळांच्या स्मरणिका, आणि निवडणूक लागली की एका रात्रीत दहादा बदलणारी पत्रकं. जुनं काम पेजमेकरमध्ये, पत्रिका आणि पिशव्या कोरलमध्ये, अलीकडची पुस्तकं इनडिझाइनमध्ये. ही तिन्ही पानं आणि डिझाइनं जुळवायची सॉफ्टवेअरं.

यातलं जुनं काही टाकून देता येत नाही. अहवालाचं गिऱ्हाईक दारातूनच सांगत येतं, "ताई, मागच्या वर्षीचाच काढा, फक्त आकडे बदला." ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, थकबाकीचे तक्ते, संचालकांची फोटोंसकट यादी, सगळं मागच्या फायलीवरच चढवायचं असतं. ती फाईल नसेल तर तक्त्यांच्या रेघांपासून सुरुवात. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात, त्यामुळे आमचा खरा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. कृष्णेला पाणी चढायचे दिवसही तेच.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. गावभाग, मारुती चौक, गणपती पेठ, सगळं पाण्यात. पेठेतले एक प्रेसवाले काका रोज न चुकता पोर्टेबल हार्ड डिस्कवर कॉपी काढायचे. आमच्यात बॅकअपच्या बाबतीत त्यांच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं. पण ती डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात असायची, त्यामुळे मशीन आणि डिस्क एकाच दिवशी पाण्याखाली गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच धावपळ. म्हणून बॅकअपच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला माझी पहिली अट ही, की एक प्रत माझा हात न लागता दुकानाबाहेर गेली पाहिजे. हंगामात रात्री साडेदहाला शटर ओढताना कॉपी काढत बसायचं त्राण कुणात नसतं.

या अटीवर घासून बघत बघत मी डुप्लिकाटीपाशी आले. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २००८ पासून आहे. त्याची दुसरी आवृत्ती कित्येक वर्षं 'बीटा', म्हणजे अजून चाचणीतली, अशी पाटी लावूनच फिरत होती, आणि मला वाटतं त्या पाटीमुळेच पुष्कळजण लांब राहिले. २०२५ च्या सुरुवातीला २.१ ही स्थिर आवृत्ती आली. मी वापरते ती त्यानंतरचीच.

आधी इतर पर्याय का बाद झाले ते. विंडोजमध्येच 'फाइल हिस्टरी' आहे, विंडोज ८ पासून. पोर्टेबल डिस्क लावून चालू केलं की दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत काढतं, नावापुढे कंसात तारीख आणि वेळ घालून. कल्पना उत्तम, आणि त्या प्रती उघड्या डोळ्यांना दिसतात. पण दर वेळी अख्खी फाईल पुन्हा ठेवली जाते. मोठ्या फोटोंची स्मरणिका दिवसभर सेव्ह करत राहिलं की डिस्क बघता बघता भरते. शिवाय प्रत दुकानातच. विंडोज ११ मध्ये तर ते कंट्रोल पॅनेलच्या जुन्या कोपऱ्यात सरकवलंय. मायक्रोसॉफ्टला हल्ली सगळं वनड्राइव्हवर न्यायचंय, आणि तिथं फुकट मिळतात ५ जीबी. आमच्या एका स्मरणिकेचे फोटोच तेवढे भरतात.

दुसरा पर्याय सिंकचा. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, यांचं फोल्डर मशीनवर ठेवायचं आणि काम त्यातच करायचं. बरेच डीटीपीवाले यालाच बॅकअप म्हणतात. पण मशीनवर फाईल पुसली की वरचीही पुसली जाते. मशीनवर कुणी चुकीचा मजकूर चढवून सेव्ह केलं, तर तोच इमानदारीत वर जातो. जुन्या प्रती आणि कचरापेटी काही दिवस असतात, साधारण महिनाभर. पण अहवालातला घोटाळा लक्षात येतो तो पुढच्या ऑगस्टात, फाईल पुन्हा उघडल्यावर.

तिसरं फ्रीफाइलसिंक, फोल्डरांची जशीच्या तशी प्रत काढणारं सॉफ्टवेअर. हे मला मनापासून आवडतं आणि त्याच्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

डुप्लिकाटी लावायला वेळ लागतो, हे लपवत नाही. इन्स्टॉल झाल्यावर खाली घड्याळाशेजारी छोटं चिन्ह येतं आणि सगळा कारभार ब्राउझरच्या पानावर उघडतो. ते पान आपल्याच मशीनवरचं असतं, इंटरनेटवरचं नव्हे. बहुतेकजण इथंच बिचकतात. पुढे पाच पायऱ्या: कामाचं नाव आणि पासवर्ड, प्रत कुठं ठेवायची, कुठले फोल्डर घ्यायचे, किती वाजता, आणि जुन्या प्रती किती काळ ठेवायच्या. प्रत ठेवायला पोर्टेबल डिस्कपासून गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, बॅकब्लेझसारखी इंटरनेटवरची भाड्याची जागा, स्वतःचा एफटीपी सर्व्हर, जे असेल ते चालतं. मी रोजच्या दोन वेळा ठरवल्या आहेत. दुपारी दोनला, जेवणाच्या सुट्टीत, डिस्कवर. रात्री आठनंतर गूगल ड्राइव्हवर. त्या वेळी मशीन बंद असेल तर पुढच्या वेळी चालू केल्यावर राहिलेलं काम आपणहून उरकून घेतं. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, त्यामुळे ही गोष्ट मोलाची.

जागेचं गणित इथं सुटतं. डुप्लिकाटी फायलीचे तुकडे करतं आणि एकदा ठेवलेला तुकडा पुन्हा ठेवत नाही. अहवालाच्या फायलीत दोन पानं बदलली तर साधारण तेवढ्याचाच नवा भाग वर जातो. पन्नास पत्रिकांत तोच गणपती असेल आणि तो वेगळी फाईल म्हणून पन्नास फोल्डरांत पडलेला असेल, तरी तो एकदाच साठवला जातो. पत्रिकांच्या धंद्यात याचा किती फायदा आहे ते पत्रिकावाल्यांनाच कळेल. हे तुकडे ५० एमबीच्या गठ्ठ्यांत बांधले जातात, मशीनवरच कुलूपबंद होतात आणि मग बाहेर पडतात. गूगल ड्राइव्ह उघडून पाहिलं तर नुसती आकडे-अक्षरांच्या अगम्य नावांची गाठोडी दिसतात. पतसंस्थेच्या थकबाकीदारांची यादी परक्याच्या सर्व्हरवर वाचता येईल अशी ठेवणं मला पटत नाही, त्यामुळे हे कुलूप हवंच होतं.

पहिली फेरी मात्र जड. ६० जीबी माल आणि ब्रॉडबँडचा अपलोड २० एमबीपीएस धरला तर कागदावरच सहा-सात तास होतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. वेगाला मर्यादा घालायची सोय आहे, ती घालून रात्रीवर ढकलायचं. नंतर रोजचं काम किरकोळ असतं. गूगलची १०० जीबी जागा मी घेतली तेव्हा महिना १३० रुपये होती. सॉफ्टवेअर फुकट असल्यामुळे खर्च तेवढाच, आणि डिस्कचा.

जुन्या प्रतींसाठी 'स्मार्ट' नावाचा पर्याय आहे. गेल्या आठवड्यातली रोजची एक, त्यामागच्या महिन्यातली आठवड्याची एक, वर्षातली महिन्याची एक, अशा प्रती राहतात आणि मधल्या गळतात. एरवी हे ठीक आहे. अहवालवाल्यांनी मात्र हा निवडू नये असं माझं मत. वर्षापूर्वीची प्रत आमच्यासाठी जुनी नसते, तीच तर कच्चा माल. मी स्वतःचा हिशोब घातला आहे, त्यात महिन्याची एक प्रत तीन वर्षं राहते. तुकड्यांमुळे जागा फारशी वाढत नाही.

याचा उपयोग प्रूफाच्या दिवसांत दिसतो. मंगळवारी मुखपृष्ठ होतं, बुधवारी सचिवांनी फोटो बदलायला लावला, गुरुवारी उपाध्यक्षांना रंग आवडेना, आणि शुक्रवारी चेअरमनसाहेब स्वतः येऊन म्हणाले, "परवाच्या आधीचं होतं ना, तेच बरं होतं." दुकानातल्या मुलीनं तोवर त्याच फायलीवर सेव्ह करत करत तिचं पार रूप पालटलेलं. डुप्लिकाटीत 'रिस्टोअर'वर जायचं, वरच्या यादीतून मंगळवारची तारीख निवडायची, खाली त्या दिवशीची फोल्डरं जशीच्या तशी दिसतात, त्यातून एक फाईल टिचकवायची. आताच्या फायलीवर चढवू नको, वेगळ्या नावानं ठेव, असंही सांगता येतं. साहेब चहा पीत होते तोवर जुनं मुखपृष्ठ पडद्यावर. ते बघून म्हणाले, "नाही, यापेक्षा कालचंच बरं." असो. त्याला सॉफ्टवेअर काय करणार.

आता जी गोष्ट कुठल्या परीक्षणात मला सापडली नाही ती. मराठी डीटीपीत फायलीचा बॅकअप हा अर्धाच बॅकअप. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली, आणि तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येत नाही. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, या मराठी टायपिंगच्या सगळ्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत. फायलीत मजकूर म्हणून साठवलेली असतात ती चिन्हं. मराठी दिसते ती फॉन्टमुळे.

डुप्लिकाटीवर विसंबायच्या आधी मी मिरजेला भाच्याच्या कोऱ्या लॅपटॉपवर मुद्दाम चाचणी घेतली. कोऱ्या अशासाठी, की दुकान बुडालं तर माझ्याकडे तसंच मशीन असणार. डुप्लिकाटी घातलं, 'बॅकअप फायलींवरून थेट रिस्टोअर' निवडलं, गूगल ड्राइव्हची वाट दाखवली, पासवर्ड दिला. थोडा वेळ ते वरच्या याद्या वाचत बसलं, मग फोल्डरांचं झाड उघडलं. देवनागरीत नावं दिलेली फोल्डरं नीट आली, जोडाक्षरांसकट. एका पतसंस्थेचा अहवाल खाली उतरवला. फाईल शाबूत, पानं शाबूत, तक्त्यांच्या रेघा जागच्या जागी. आणि अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी उद्गारचिन्हं, डॉलर, कंस आणि डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं. भाचा म्हणाला, "मावशी, फाईल करप्ट झाली." झाली नव्हती. फॉन्ट टाकल्याबरोबर मनोगत उमटलं, नेहमीच्या 'सभासद बंधू-भगिनींनो'सकट.

तेव्हा डुप्लिकाटी असो की दुसरं काही, फॉन्टचं फोल्डर यादीत घालाच. आणि ते एका जागी नसतं. सगळ्या वापरकर्त्यांसाठी टाकलेले फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात जातात, पण विंडोज १० च्या २०१८ मधल्या अपडेटपासून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं तर ते त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या एका लपलेल्या फोल्डरात जाऊन बसतात. डुप्लिकाटीच्या फोल्डर निवडायच्या पायरीवर लपलेले फोल्डर दाखवायची सोय आहे. सर्वात सुटसुटीत म्हणजे मूळ फॉन्ट आणि ते टाकायचं सेटअप डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात ठेवायचं आणि तेच बॅकअपला लावायचं. ज्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे ते चालू व्हायला मशीनला लावायची छोटी किल्ली, लागतो, त्या डोंगलचा बॅकअप कुठलंच सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही. पुराची सूचना आली की डोंगल खिशात टाका.

दोन बारीक सेटिंगं. कोरल दर वेळी सेव्ह करताना 'बॅकअप ऑफ' अशा नावाची एक जुळी फाईल त्याच फोल्डरात टाकतं. ती वगळायची गाळणी लावा, नाहीतर निम्मा बॅकअप बॅकअपांचाच होतो. दुसरं, दुपारी दोनला इनडिझाइनची फाईल उघडीच असते आणि उघडी फाईल विंडोज दुसऱ्याला धड वाचू देत नाही. प्रगत पर्यायांत 'स्नॅपशॉट-पॉलिसी' आहे, ती चालू केली की विंडोजच्या शॅडो कॉपीतून, म्हणजे त्या क्षणी गोठवलेल्या प्रतीतून, ती वाचली जाते. त्यासाठी डुप्लिकाटीला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात.

डिस्कच्या बाबतीत एक युक्ती मला फार उपयोगी पडली. माझ्याकडे दोन डिस्क आहेत, एक दुकानात, एक मिरजेला, आणि शनिवारी अदलाबदल. विंडोज त्यांना कधी ई म्हणतं, कधी एफ. डुप्लिकाटीत ड्राइव्हच्या अक्षराऐवजी चांदणी (*) घालून पर्यायी वाट देता येते आणि डिस्कवर ठेवलेल्या एका खुणेच्या फायलीवरून ते आपली डिस्क ओळखतं. प्रत्येक डिस्कला वेगळं काम आणि वेगळी खूण ठेवायची, कारण दोघींचा हिशोब एकाच वहीत घातला की घोळ होतो. ज्या आठवड्यात जी डिस्क मिरजेला असेल तिचं काम लाल अक्षरांत तक्रार करतं, तिकडे काणाडोळा करायचा. मिरजेची डिस्क मशीनला जोडलेली नसते, याचाही फायदा आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय पसरलं तेव्हा फायलींना कुलूप लावून खंडणी मागणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. असले व्हायरस जोडलेली डिस्कही सोडत नाहीत.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत, आणि काही मोठ्या आहेत. गाठोडी डुप्लिकाटीशिवाय सहजी उघडत नाहीत. घाईत असलेल्या माणसाला डिस्क लावून, फाईल उघडून प्रिंट मारता येत नाही. पासवर्ड विसरला तर सगळं गेलं, कुणाला फोन करून ते परत मिळत नाही. डुप्लिकाटी स्वतःचा हिशोब मशीनवरच्या एका डेटाबेसमध्ये ठेवतं. तो बिघडला की 'रिपेअर'चं बटण आहे, आणि अगदीच गेला तर गाठोड्यांवरून नवा तयार करता येतो, पण बॅकअप मोठा आणि नेट हळू असेल तर त्याला फार वेळ लागतो. संदेश इंग्रजीत आणि प्रोग्रामरच्या भाषेत, दुकानातल्या मुलीनं वाचून काही उमगावं असे नाहीत. बॅकअप अडकला की ईमेल येण्याची सोय आहे, पण ती लावायला आणखी एक डोकेदुखी. आणि हे अख्ख्या विंडोजची प्रतिमा घेत नाही, फक्त फायली घेतं. मशीन जसंच्या तसं उभं करायचं असेल तर वीम एजंटची फुकट आवृत्ती किंवा क्लोनझिला वेगळं वापरावं लागतं. पूर्वी मॅक्रिअम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती सर्रास चालायची, ती कंपनीनं बंद केली.

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. प्रत्येक बॅकअपनंतर ते वरून एखादं गाठोडं परत खाली आणून तपासतं. चाचणी न घेता 'झालं' म्हणणारी बरीच सॉफ्टवेअरं आहेत.

ज्याला पहिल्या दिवशी दोन-तीन तास बसून सेटिंग करायची तयारी आहे, किंवा ज्याच्या घरात असा कुणी आहे, त्यानं डुप्लिकाटी बिनधास्त लावावं. जुन्या प्रती, कुलूप आणि दुकानाबाहेरची जागा, हे तिन्ही फुकटात यापेक्षा बरं कुठं मिळेल असं मला दिसत नाही. सेटिंग झाल्यावर त्याची प्रत फायलीत काढायची सोय आहे. ती प्रत आणि कागदावर लिहिलेला पासवर्ड मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे.

पेठेतल्या काकांच्या मशीनवर मात्र मी हे लावलं नाही. ब्राउझरचं पान बघूनच ते म्हणाले, "अगं, माझ्या फायली मला दिसायला नकोत का?" बरोबर आहे त्यांचं. त्यांना फ्रीफाइलसिंक लावून दिलं. डावीकडे मशीन, उजवीकडे डिस्क, मध्ये हिरवे बाण. फायली जशाच्या तशा, मूळ नावांनी, कुठल्याही मशीनवर उघडणाऱ्या. पुसलेल्या आणि बदललेल्या फायली तारीख लावून वेगळ्या फोल्डरात ठेवायचा पर्याय चालू केला, आणि विंडोजच्या टास्क शेड्यूलरला रोज संध्याकाळी सातची वेळ दिली. कुलूप नाही, तुकडे नाहीत, जागा जास्त खातं. डिस्क आता खणात नसते. शनिवारी ती विश्रामबागला त्यांच्या मुलीकडे जाते आणि तिथली दुसरी दुकानात येते.